पावावरची चकाकी : एग वॉशबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात घरच्या ओव्हनमध्ये लादी पाव आणि गोड बन कसे करायचे ते दिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांत पिठापेक्षा वरून लावायच्या अंड्याबद्दलच, म्हणजे एग वॉशबद्दलच, जास्त विचारणा आहे. म्हणून या वेळचं सदर सगळं त्यावरच. सारख्या प्रश्नांना एकत्रच उत्तर दिलं आहे.

एक अंडं फोडून त्यात अंदाजाने दूध घालते आणि पावाला लावते. एकदा सोनेरी रंग येतो, पुढच्या वेळी फिका, कधी एकदम तपकिरी. नेमकं प्रमाण काय?
— वाचक, सिडको

अंदाजाने घातलेलं दूध, इथेच सगळं बिनसतं. कवच काढल्यावर मध्यम आकाराचं अंडं साधारण ५० ग्रॅम भरतं. त्यात तीसेक ग्रॅम पांढरा भाग आणि १६ ते १८ ग्रॅम बलक. पांढऱ्या भागात जवळजवळ नव्वद टक्के पाणी आणि दहा टक्के प्रथिनं असतात, स्निग्धांश नावालाही नाही. बलकात मात्र पाणी निम्मंच. बाकी स्निग्धांश आणि प्रथिनं. ओव्हनच्या उष्णतेत प्रथिनं आणि साखर यांची प्रक्रिया होऊन तपकिरी रंग येतो. ढोबळ हिशेब असा, की रंग बलकाचा आणि काचेसारखी चकाकी पांढऱ्याची. दूध घातलं की त्यातली साखर आणि प्रथिनं रंगात भर घालतात. पाणी घातलं तर मिश्रण फक्त पातळ होतं.

रोजच्या पावाला, बनला, पॅटीसला चालेल असं प्रमाण : एक अख्खं अंडं, एक टेबलस्पून म्हणजे १५ मिली दूध किंवा पाणी, आणि चिमूटभर मीठ. दुधाने रंग जरा गडद आणि चकाकी मऊसर येते, पाण्याने रंग हलका आणि चकाकी जास्त. गडद, जवळजवळ तांबूस रंग हवा असेल तर फक्त एक बलक आणि दोन टीस्पून दूध. दुधाऐवजी साय फेटून घातली तर रंग आणखी चढतो. वरून साखर भुरभुरलेल्या बिस्किटांना रंग नको आणि नुसती झळाळी हवी असेल, तर एक पांढरा भाग आणि एक टीस्पून पाणी.

मीठ चवीसाठी नाही. पांढऱ्या भागाचा चिकट, लोंबणारा गुंता मिठाने सुटतो. मीठ घालून काट्याने ढवळा आणि दहा-पंधरा मिनिटं तसंच राहू द्या. आधी ब्रशमागे ओढला जाणारा दोरा नंतर दिसत नाही, मिश्रण सारखं पसरतं. ढवळताना काटा वर उचलून फेटू नका, वाटीच्या तळाशी फिरवत राहा. फेस झाला की त्याचे बुडबुडे पावावर जातात आणि भाजल्यावर तिथे बारीक खड्डे राहतात. शेवटी चहाच्या गाळणीतून गाळून घ्या. बलकाला धरून ठेवणारे पांढरे पीळ गाळणीत अडकले पाहिजेत. ते पावावर गेले तर शिजून पांढरे ठिपके दिसतात.

एका अंड्यात चार टेबलस्पून वॉश होतो. एकच हात द्यायचा तर वीसेक लहान पाव सहज निघतात. सहा-आठ पावच करायचे असतील तर फेटलेलं अंडं दोन टेबलस्पून मोजून घ्या, त्यात दीड टीस्पून दूध घाला. उरलेलं अंडं भुर्जीत जाऊ द्या.

लावायचं कधी? पीठ फुगण्याआधी की नंतर? एक हात की दोन?
— वाचक, नाशिकरोड

पाव ट्रेमध्ये शेवटचा फुगून झाल्यावर, ओव्हन तापलेला असताना, आत सरकवण्याच्या अगदी आधी. फुगलेलं पीठ नाजूक असतं, ब्रशने दाबलं की बसतं. ब्रश वाटीच्या काठावर दोन्ही बाजूंनी निथळून घ्या आणि वजन न टाकता, जवळजवळ आडवा धरून फिरवा. लावल्यानंतर खालचं पीठ दिसत राहिलं पाहिजे. पिवळा रंग दिसायला लागला तर थर जाड झाला.

बेकरीच्या काचेतल्यासारखी झळाळी हवी असेल तर दोन पातळ हात द्या. पहिला हात देऊन दहा मिनिटं उघडं ठेवा, बोट लावल्यावर चिकट पण ओलं नाही असं झालं की दुसरा. एकाच वेळी जाड थर देऊन हा परिणाम मिळत नाही. जाड थराची आधी पापुद्रीसारखी साल होते, मग पाव ओव्हनमध्ये वर उठताना ती ताणून फाटते आणि फाटलेल्या जागी खालचं फिकं पीठ दिसतं. 'वरून भेगा पडतात' अशी तक्रार सातपूरहून आणि सिन्नरहूनही आली आहे, तिचंही बहुतेक हेच उत्तर.

पावाच्या कडेला आमलेटसारखा पिवळा थर बसतो, पाव बटर पेपरला चिकटतो आणि सोडवताना तळ फाटतो.
— वाचक, गंगापूर रोड

अंडं ओघळून खाली साचतं, दुसरं काही नाही. ट्रेवर साचलेलं अंडं पावाच्या आधी शिजतं आणि खळीसारखं धरून बसतं. ब्रश निथळा, वरून खाली न ओढता खालून वर फिरवा आणि तळापासून अर्धा सेंटिमीटर जागा कोरडी सोडा. तरी थेंब ओघळलाच तर कागदी रुमालाच्या टोकाने लगेच टिपून घ्या. लादी पावात दोन पावांच्या मधल्या खाचेतही अंडं साचतं. खाचेत ब्रश घालूच नका. लादी तोडल्यावर मधली बाजू पांढरी आणि मऊच निघायला हवी.

खारी आणि पफ पॅटीसला अंडं लावलं की थर सुटत नाहीत. न लावलेले नीट फुलतात. अंडं जड पडतं का?
— वाचक, इंदिरानगर

जड पडत नाही, चिकटतं. खारीचे थर वर उठतात ते मैद्याच्या पापुद्र्यांमधल्या वाफेमुळे, आणि ती वाफ बाहेर पडायचा प्रयत्न करते ती कापलेल्या कडेने. त्या कडेवरून अंडं ओघळलं तर ओव्हनमध्ये गेल्यावर पहिल्याच काही मिनिटांत ते शिजून घट्ट होतं आणि दहा पापुद्रे एकमेकांना शिवल्यासारखे होतात. चौकोनी पॅटीसची एक बाजू उंच आणि एक बाजू खाली राहते तीही याचमुळे. जिथे अंडं ओघळलं ती बाजू अडकते, दुसरी उठते.

म्हणून फक्त वरच्या सपाट भागाला अंडं लावायचं, कडेपासून दोन-तीन मिलिमीटर आत थांबायचं. अंडं लावायच्या आधी पॅटीस पंधरा-वीस मिनिटं फ्रीजमध्ये गार करून घ्या. आतलं बटर किंवा मार्जरिन घट्ट असलं की पीठ ब्रशखाली सरकत नाही आणि वॉशही जागेवर राहतो. सुरी धारदार हवी. बोथट सुरीने कड आधीच दाबली जाते, मग वॉश कितीही सांभाळून लावा, त्या बाजूचे थर उघडत नाहीत. ओव्हन २०० ते २१० अंशांवर आधीच तापवलेला असू द्या.

पॅटीस मिटवताना मात्र हाच चिकटपणा कामाला येतो. सारण भरल्यावर आतल्या कडेला अंड्याचा अगदी पातळ पट्टा ओढा, दुसरी बाजू त्यावर ठेवून काट्याच्या टोकांनी दाबा. पाण्यापेक्षा ही कड जास्त घट्ट बसते. वाफ निघायला वर सुरीच्या टोकाने दोन छेद द्यायला विसरू नका, आणि हे छेद वॉश लावून झाल्यावर द्या. आधी दिले तर अंडं भरून ते बुजतात.

घरून बेकिंगच्या ऑर्डरी घेते. ग्राहक बरेचसे शाकाहारी, काही जैन. पिठात अंडं नसतं, फक्त वरून लावते. ते सांगावं लागतं का? आणि अंड्याशिवाय तशीच चकाकी येते का?
— वाचक, पंचवटी

पहिल्या प्रश्नाचं उत्तर : हो, सांगावंच लागतं. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, म्हणजे एफएसएसएआयच्या लेबलच्या नियमांत अंडं असलेला पदार्थ मांसाहारी गटात येतो, मग ते पिठात असो की वरच्या थरात. अशा पाकिटावर हिरवा ठिपका लावता येत नाही. तपकिरी चौकटीतला तपकिरी त्रिकोण लावावा लागतो. मांसाहारी घटक फक्त अंडंच असेल तर तसं सोबत लिहिता येतं. ॲलर्जीच्या घटकांतही अंड्याचा उल्लेख हवा. नियम बाजूला ठेवला तरी, चातुर्मास पाळणाऱ्या घरात 'एगलेस' म्हणून अंडं लावलेला पाव देणं ही फसवणूकच. दोन्ही प्रकार करत असाल तर ब्रश, वाटी आणि गाळणीही वेगळी ठेवा आणि शाकाहारी ट्रे आधी भाजून घ्या.

आता पर्याय. हुबेहूब अंड्यासारखी चकाकी एका पर्यायात मिळत नाही, कारण अंड्यात रंग आणि चकाकी एकत्र येतात. अंड्याशिवाय ही दोन कामं वेगवेगळी करावी लागतात : रंग भाजण्याआधी, चकाकी भाजल्यानंतर.

रंगासाठी दोन टेबलस्पून साईसकट दूध, एक टीस्पून मिल्क पावडर, पाव टीस्पून साखर. पावडर गुठळ्या न राहता विरघळवा, नाहीतर काळे ठिपके येतात. नुसत्या दुधापेक्षा यात प्रथिनं आणि दुधातली साखर जास्त, त्यामुळे रंग बराच चांगला येतो, पण पृष्ठभाग मॅट राहतो. गडद रंग हवा असेल तर यात दोन चिमूट इन्स्टंट कॉफी घाला. चव कळत नाही. साखरेऐवजी मध चालतो, रंगही लवकर धरतो, पण जैन ग्राहक मध खात नाहीत, तेव्हा त्यांच्या ऑर्डरीत साखरच. साखर याहून वाढवू नका. पाव आतून भाजायच्या आधी वरून काळा पडेल आणि थंड झाल्यावर बोटांना चिकटेल.

चकाकीसाठी अर्धा कप गार पाण्यात एक टीस्पून कॉर्नफ्लोअर कालवा, मंद आचेवर ढवळत उकळा. दुधाळ दिसणारं मिश्रण पारदर्शक झालं की उतरवा. पाव ओव्हनमधून काढल्याबरोबर त्यावर याचा अगदी पातळ हात फिरवा आणि दोन मिनिटं पुन्हा आत ठेवा. कोरडी, न चिकटणारी चकाकी येते आणि कवच थोडं कडक राहतं. मऊ पाव हवा असेल तर हे न करता गरम पावाला वितळलेलं बटर लावा. बटरची चकाकी तासाभरात बरीच उतरते, पण पावाची साल मऊ होते.

काबुली चणे शिजवलेलं पाणी आटवून, अंड्याच्या पांढऱ्याइतकं दाटसर करून लावणारेही आहेत. मीठ न घालता चणे शिजवा. झळाळी ठीक येते, तीळही चांगले धरतात, रंग मात्र फारसा येत नाही. दूधही न खाणाऱ्यांसाठी हा त्यातल्या त्यात चांगला मार्ग. तेल-पाणी फेटून लावण्याचा सल्ला फिरत असतो. त्याने साल मऊ राहते एवढंच, त्यातून रंगाची अपेक्षा ठेवू नका.

ओटीजीत, म्हणजे विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये, पाव पंधरा मिनिटांतच वरून गडद तपकिरी होतो, आत मात्र पीठ चिकट. अंडं न लावता केला तर असं होत नाही.
— वाचक, देवळाली कॅम्प

अंडं न लावलेला पावही त्या वेळी आतून कच्चाच असतो, फक्त वरून फिका असल्यामुळे तुम्ही तो आणखी दहा मिनिटं ठेवता. अंडं लवकर रंग धरतं आणि 'झालं' असं वाटायला लावतं. रंगावरून पाव काढायचा नाही. दूध-बटर-साखर घातलेल्या पावाचा गाभा ९० अंशांच्या आसपास गेला की तो झाला. पावात खुपसायचा प्रोब थर्मामीटर नसेल तर पाव उलटा करून तळावर टिचकी मारा, पोकळ आवाज यायला हवा.

घरगुती ओटीजीत वरचा रॉड पावाच्या फार जवळ असतो. ट्रे सर्वांत खालच्या खाचेत ठेवा, तापमान १८० अंश. नुसत्या बलकाचा वॉश ओटीजीला टाळा. अख्खं अंडं आणि दूधाऐवजी पाणी घ्या. हवा तो रंग आला की पावावर ॲल्युमिनियम फॉइल तंबूसारखी सैल टाका, पावाला टेकू देऊ नका, नाहीतर चकाकीचा पापुद्रा तिच्याबरोबर निघून येतो. वरचा रॉड बंद करायची सोय असेल तर ते आणखी बरं. आणि ओटीजीच्या बटणावर विसंबून राहू नका. बटण १८० दाखवत असताना आत वीस अंश जास्त असणं अगदी नेहमीचं आहे. आत ठेवायचा साधा ओव्हन थर्मामीटर घ्या, एवढा एक खर्च नक्की करण्यासारखा आहे.

गोड बनमध्ये बेदाणे घालत असाल तर वर आलेले बेदाणे वॉश लावण्याआधी बोटाने आत ढकला. ते फुगतात, जळतात आणि कडू लागतात.

डिसेंबर-जानेवारीत पावावर कोरडी साल धरते. मग अंडं लावलं की ठिपक्याठिपक्यांचा रंग येतो.
— वाचक, निफाड

तुमच्याकडच्या थंडीत पीठ फुगायला दुप्पट वेळ लागतो आणि हवा कोरडी. तेवढ्या वेळात उघड्या पिठाची साल सुकते. सुकलेल्या जागी वॉश जिरत नाही, ओल्या जागी जिरतो, म्हणून ठिपके. पाव वळून ट्रेमध्ये ठेवल्याबरोबर अंड्याचा एक पातळ हात द्या. तो सालीसारखं काम करतो आणि पीठ आतून ओलं ठेवतो. फुगल्यावर, भाजण्याआधी दुसरा. शिवाय ट्रे बंद ओटीजीत गरम पाण्याच्या वाटीसोबत ठेवा, ओटीजी चालू न करता. वर ओलं फडकं टाकणार असाल तर ते पावाला टेकू देऊ नका, अंडं लावलेल्या पिठाला फडकं चिकटलं की सालीसकट निघतं.

पावसाळ्यात उलटं होतं. पहिला हात दहा मिनिटांत सुकत नाही. ट्रे पंख्याखाली पाच मिनिटं ठेवा, मग दुसरा हात.

बनवर तीळ आणि कलौंजी लावते. डब्यात ठेवले की निम्मे तीळ तळाशी.
— वाचक, पाथर्डी फाटा

वॉश ओला असतानाच तीळ टाकायला हवेत, दोन मिनिटांनी नाही. चार बनांना वॉश लावा, लगेच तीळ टाका, मग पुढचे चार. तिळांवर पुन्हा ब्रश फिरवायचा नाही, ते ओढले जाऊन एका बाजूला गोळा होतात. फार दाट तीळ हवे असतील तर बन वळल्यावर त्याचं डोकं पांढऱ्या भागाच्या वॉशमध्ये टेकवा, मग ताटलीतल्या तिळांत टेकवा आणि नंतर फुगायला ठेवा. भाजलेले तीळ घेऊ नका, ओव्हनमध्ये दुसऱ्यांदा भाजून कडवट होतात.

उरलेला वॉश किती दिवस टिकतो? आणि पावाला वशट वास येतो, तो कसा घालवायचा?
— वाचक, सातपूर

झाकण लावून फ्रीजमध्ये दुसऱ्या दिवसापर्यंत. त्यापुढे टाकून द्या. ओट्यावर दोन तासांपेक्षा जास्त नको, एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात तर एकच तास. कच्च्या अंड्यात साल्मोनेला जंतू असू शकतात. म्हणूनच भाजून झालेल्या पावाला 'जरा चकाकी कमी वाटते' म्हणून वरून कच्चं अंडं लावायचं नाही. ब्रश नुसता वाहत्या पाण्याखाली धरून भागत नाही. आधी गार पाण्याने अंडं धुवा, मग साबण घातलेल्या गरम पाण्याने, आणि पूर्ण वाळवा. थेट गरम पाण्यात घातला तर अंडं केसांच्या मुळाशी शिजून बसतं, आणि पुढच्या वेळी येणारा वास बऱ्याचदा तिथूनच येतो.

बाकी वशट वास येतो तो जाड थराचा. पातळ हात, गाळलेलं अंडं, दूध. एवढ्याने तो जातो. गोड बनच्या वॉशमध्ये दोन थेंब व्हॅनिला चालेल. तिखट पॅटीसच्या वॉशमध्ये व्हॅनिलाचा हात लागला तर मात्र पॅटीस कुणी खाणार नाही.

सिलिकॉनचा ब्रश चांगला की केसांचा?
— वाचक, मेरी

एग वॉशसाठी मऊ केसांचा, इंच-दीड इंच रुंद. सिलिकॉनची बोटं जाड असतात, मिश्रण धरून ठेवत नाहीत आणि पावावर रेघा ओढतात. धुवायला सोपा म्हणून तेल-बटरला तो ठेवा. शाकाहारी ग्राहकांसाठी नायलॉनचे केस आहेत ना हे बघून घ्या. हार्डवेअरच्या दुकानातला रंगाचा ब्रश नको, त्याचे केस गळतात आणि पावावर भाजले जातात.

गावरान अंड्याने रंग जास्त येतो का?
— वाचक, ओझर

बलक गडद असेल तर पिवळी छटा किंचित जास्त दिसते. तपकिरी रंग तेवढाच येतो. गावरान अंडं बऱ्याचदा लहान असतं, तेव्हा दूध एक टेबलस्पूनऐवजी दोन टीस्पून घाला.

मिसळीबरोबर मिळणाऱ्या पावाची चकाकी अंड्याची असते का?
— वाचक, कॉलेज रोड

साध्या लादी पावाला सहसा अंडं लावत नाहीत. भट्टीतून निघाल्यावर तेलाचा किंवा बटरचा हात फिरवतात, कुठे भाजण्याआधी दूध. पण उपास-व्रतासाठी किंवा कडक शाकाहारासाठी विचारत असाल तर बेकरीवाल्यालाच विचारा. नुसतं पाहून ओळखायचं असेल तर पावावर बोट घासा : बोटाला तेलकटपणा लागला तर तेल किंवा बटर, आणि कोरडी, नखाने खरवडल्यावर पापुद्र्यासारखी निघणारी चकाकी असेल तर बहुधा अंडं.

नानकटाईला लावावं का?
— वाचक, अशोका मार्ग

नको. तिच्यावरच्या भेगा हव्या असतात, वॉशने त्या बुजतात.